प्लेगच्या दिवसांतील पंडिता रमाबाई

वऱ्हाडातील जुन्या घराण्यांत प्लेगच्या गोष्टी अद्याप सांगितल्या जातात. सांगणाऱ्यांनी त्या स्वतः पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या आज्यापणज्यांनी पाहिल्या. घरात उंदीर पडला, म्हणजे मारल्यावाचून मरून पडलेला आढळला, की घरधनी काय ते समजून जात असे. मग जात्यापासून पाळण्यापर्यंत सारा संसार बैलगाडीत घालून गावचे गाव वावरांत झोपड्या बांधून राहावयास जाई. मागे उरत ते ओस वाडे आणि काखेत गाठ आलेला एखादा रोगी, ज्याला हलविण्याचे धैर्य कोणास होत नसे. कोणी मरीआईला नैवेद्य दाखवीत, कोणी मशिदीत दुवा मागत, कोणी आमच्यासारखे उपास करून प्रार्थना करीत. परंतु सर्वांच्याच मनात एक प्रश्न घोळत असे. देवावर भरवसा ठेवून जागचे हलू नये, की जीवही देवानेच दिला आहे म्हणून तो वाचविण्यास निघावे? आणि निघावे तर मागे राहिलेल्याचे काय? सन २०२० साली देवळे, मशिदी व चर्चे यांची दारे एकदमच बंद झाली, तेव्हा हाच प्रश्न आमच्या वाशीम जिल्ह्यातील घराघरांतही नव्याने उभा राहिला, हे पालकांस आम्ही सांगावयास नको.

प्रश्न फार जुना आहे. इसवी सन ६३८-३९ च्या सुमारास सीरिया देशात मोठी मरी आली. खलीफा उमर तिकडेच निघाले होते. सरहद्दीवर त्यांस ही वार्ता कळली व सल्लामसलत करून ते मदिनेकडे परत फिरले. त्यांचे सेनापती अबू उबैदा यांना हे रुचले नाही. देवाने नेमलेल्यापासून पळणे त्यांना गैर वाटले. उमर यांचे म्हणणे असे पडले की, पुढे जाणे जसे देवाच्या इच्छेतले, तसे परतणेही देवाच्याच इच्छेतले आहे. अबू उबैदा मात्र आपल्या सैन्याबरोबर राहिले आणि त्याच मरीत वारले. इस्लामी परंपरेने परतणाऱ्यास भ्याड ठरविले नाही व राहणाऱ्यास वेडा म्हटले नाही. दोघांसही तिने मान दिला. आमच्या ख्रिस्ती मंडळीतही मार्टिन ल्यूथर याने १५२७ साली विटेनबर्ग येथे प्लेग आला असता याच विषयावर एक पुस्तिका लिहिली. ज्याच्यावर इतरांचा भार नाही त्याने जाण्यास हरकत नाही, परंतु ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याने तो टाकून जाऊ नये, असा तिचा इत्यर्थ होय. आणि ल्यूथर स्वतः तेथेच राहिला.

चौदाव्या शतकातील महामरीत धर्माची दोन रूपे जगास दिसली. १३४८ साली दमास्कस शहरात तीन दिवसांचा उपास पाळण्यात आला आणि मग मुसलमान आपले कुराण घेऊन, यहुदी आपला ग्रंथ घेऊन व ख्रिस्ती आपले शुभवर्तमान घेऊन एकाच दिवशी शहराबाहेरील एका मशिदीकडे रडत व प्रार्थना करीत पायी निघाले. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याने हे आपल्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेविले आहे. पुढच्याच वर्षी, १३४९ च्या फेब्रुवारी महिन्यात, स्ट्रासबर्ग शहरातील ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांनी विहिरींत विष कालविले असा आळ घेऊन शेकडो यहुद्यांस जाळून मारले. पोप सहावा क्लेमेंट याने हा आळ खोटा असल्याचे आज्ञापत्र आधीच काढले होते. पण ते कोण ऐकतो! आम्ही ख्रिस्ती म्हणवितो, म्हणून ही गोष्ट आम्हीच सांगितली पाहिजे. दमास्कसच्या मिरवणुकीनेही रोग थांबला नाही, उलट अशा गर्दीने तो वाढतो, हे पुढे कैरो येथील विद्वान इब्न हजर यांच्या ध्यानात आले. त्यांच्या तीन मुली प्लेगनेच गेल्या होत्या, तेव्हा त्यांचे लिहिणे कोरड्या पंडिताचे नव्हे.

इतके दूरचे सांगण्याचे कारण हे की, हा जुना प्रश्न आपल्या महाराष्ट्रात एका मराठी ख्रिस्ती बाईपुढे एकट्याने सोडविण्यासाठी येऊन ठाकला. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्यातील १८९७ सालच्या पानाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. स्त्रियांना देवभाषा शिकवू नये या समजुतीस न जुमानता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती शिकविली आणि त्या माउलीने आपल्या मुलीला. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोक्यावर दिले होते. पुढे कित्येक वर्षे एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास जावे, पुराण सांगावे, मिळेल त्यावर राहावे व उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम चालला.

मग मद्रास इलाख्यातला तो भयंकर दुष्काळ आला. जवळचे सारे संपले, तरी हे कुटुंब व्रते, उपवास व देवदर्शने करीतच राहिले. कारण दैवी कृपा होऊन द्रव्य मिळेल अशी त्यांची श्रद्धा होती, आणि अंगमेहनत करणे त्यांच्या कुलाला कमीपणाचे वाटत होते. शेवटी अरण्यात अकरा दिवस पाणी, पाला व मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू व आईबापांना पोसू, असे त्याने सांगितले. परंतु फार उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही गेली. संकट आले असता देवाचे नाव घेऊन हात जोडून बसणे आणि देवाचे नाव घेऊन हात कामाला लावणे, यांतील अंतर रमाबाईंनी पुस्तकात वाचलेले नव्हते. स्वतःच्या घरी पाहिले होते.

भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण लवकरच १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी दुष्काळ व रोगराई यांनी या बाईचे सारे माणूस नेले होते. हातात उरली एक तान्ही मुलगी.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून आटोपता घेतो. १८८२ साली पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला व शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वांटेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथून अमेरिकेस जाऊन, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेकरिता साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथल्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. तेथे १८९३ साली मोठे वादळ झाले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, यावरून केसरीने टीकेची झोड उठविली. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या मित्रांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नसेल हे वचन रमाबाईंनी पाळले की नाही, याविषयी आजही दोन मते आहेत. आम्हांस वाटते की, त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. परंतु ज्या बाईवर मुलीचे अतोनात प्रेम असते, तिची श्रद्धा मुलीला न लागणे कठीण, हे पालकांचे भयही निराधार म्हणता येत नाही. असो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. विएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला आणि प्लेग आला हे जाहीर झाले. लोक आगगाड्या भरभरून शहर सोडू लागले. इस्पितळात नेतात ते मारण्यासाठीच, अशी अफवा उठून ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. रोगाचा जंतू हाँगकाँग येथे १८९४ साली सापडला होता, पण तो उंदराच्या पिसवेमार्फत माणसास लागतो हे कळण्यास १८९८ साल उजाडावे लागले. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. हा हाफकिन यहुदी होता. ज्यांच्यावर विष कालविल्याचा आळ येऊन स्ट्रासबर्गला जाळले गेले, त्यांच्याच वंशातला एक मनुष्य हिंदुस्थानास प्लेगची लस देता झाला, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले काही वेळ गप्प बसतात. खोजा मुसलमानांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी जागा दिली व आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून लोकांसमक्ष लस टोचून घेतली. धर्मगुरूने रोगाच्या दिवसांत काय करावे, याचे यापरते चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

याच हिवाळ्यात मध्यप्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाईंस बातमी लागली, आणि जंगलातले ते अकरा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले असतील यात शंका नाही. पदरी पैसा नव्हता. शारदा सदनचा खर्च चालविणेच जड होते. तरी त्या निघाल्या. तेथील दुष्काळी छावण्यांत व गरीबखान्यांत त्यांनी जे पाहिले, ते उपाशी माणसांच्या सापळ्यांपेक्षाही भयंकर होते. निराधार मुलींना दोन घास दाखवून नेण्यासाठी दुष्ट लोक टपलेले होते, आणि ज्यांनी राखावयाचे त्यांतलेही काही तसेच निघत. रमाबाई मुली व तरुण विधवा गोळा करू लागल्या. काही महिन्यांत त्यांची संख्या सुमारे तीनशेवर गेली.

या मुली ठेवाव्यात कोठे? पुण्यात प्लेग शिरला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले. दुष्काळातून आलेल्या इतक्या दुबळ्या माणसांची दाटी शहरात होऊ देणे अधिकाऱ्यांना मान्य होणे शक्य नव्हते. दोनतीन वर्षांपूर्वी रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनाजवळ माळरान विकत घेऊन तेथे विहीर खणली होती व फळबाग लावली होती. त्या माळावर झोपड्या व तंबू उभारून मुलींना तेथे हलविण्यात आले. न घर, न भिंत, उन्हाळा तोंडावर, आणि बहुतेकींना नीट चालताही येत नव्हते.

आमच्या वऱ्हाडातले लोक वावरांत राहावयास गेले, तशीच ही गोष्ट दिसते खरी. पण येथे निघणारी बाई आपला जीव घेऊन निघालेली नव्हती. तिने सर्वांत दुबळ्यांना आधी बाहेर काढले, आणि तिची स्वतःची ये-जा पुणे व केडगाव यांच्यामध्ये चालूच राहिली, कारण शारदा सदनच्या मुली अद्याप पुण्यातच होत्या. ल्यूथरने घातलेला नियम त्यांनी वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. त्या त्याप्रमाणे वागल्या.

आता ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतो. शारदा सदनातील एका मुलीस सरकारी नियमाप्रमाणे प्लेगच्या इस्पितळात पाठवावे लागले. नियम मोडावा असे रमाबाईंचे मत नव्हते; साथ पसरू नये म्हणून रोग्यास वेगळे ठेवणे अवश्य आहे, हे त्यांस पटत होते. परंतु तेथे तरुण स्त्रियांची देखभाल कशी होते व त्यांच्या अब्रूचे रक्षण कोण करतो, याचा जो अनुभव त्या मुलीच्या निमित्ताने आला, त्याने त्या हादरून गेल्या. मध्यप्रांतातील छावण्यांत जे पाहिले तेच येथे सरकारी इस्पितळाच्या छपराखाली! मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या बाँबे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग व्यवस्थेवर उघड आरोप केले.

वाचकांनी त्या वेळची स्थिती ध्यानात आणावी. १८९३ पासून पुण्यातील हिंदू समाजाशी रमाबाईंचे बिनसले होते. त्यांना आधार उरला होता तो मिशनरी मित्रांचा, इंग्लंड-अमेरिकेतील देणगीदारांचा व सरकारच्या सद्भावाचा. त्यांपैकी सरकारासच दुखवावयाचे, तेही शेकडो मुली उघड्या माळावर असताना, हे धोरणी मनुष्य करणार नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले. हा विषय पार्लमेंटपर्यंत गेला. त्या वेळी विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या म्हणण्यास या पत्राचा आधार घेतला. पुढे पुण्याहून कळविलेल्या इतर गंभीर आरोपांचा पुरावा न मिळाल्याने गोखल्यांना परत आल्यावर माफी मागावी लागली. दरम्यान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, एयर्स्ट जागीच ठार झाला, रँडही काही दिवसांनी मेला, आणि दामोदर चाफेकर यांस पुढच्या वर्षी फाशी झाली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या गदारोळात रमाबाईंचे पत्र विसरले गेले हे नवल नव्हे. ते कोणाच्याच उपयोगी नव्हते. राष्ट्रीय पक्षाला ती बाटलेली बाई. सरकारला ती अडचण. आणि कित्येक मिशनऱ्यांस, आमचा असा तर्क आहे की, घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडणारी. चार वर्षांपूर्वी ज्या केसरीने त्यांच्यावर हल्ला केला, तोही त्याच उन्हाळ्यात त्याच झडत्यांवर टीका करीत होता. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळही उघडविले होते. एकाच संकटात दोघे एकच गाऱ्हाणे सांगत होते, पण एकमेकांकडे पाठ करून. दमास्कसमध्ये तीन धर्मांचे लोक एका रस्त्याने चालले, ते पुण्याला साधले नाही. त्याच शहरात सावित्रीबाई फुले या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी वारल्या. एकमेकींपासून काही मैलांवर असलेल्या या दोन स्त्रिया त्या वसंतात एकत्र बसल्या असत्या तर, असे आमच्या मनात पुष्कळदा येते.

केडगावच्या तंबूंच्या जागी हळूहळू पक्की घरे उठली. त्या वसाहतीस मुक्ती हे नाव मिळाले व पुढे शारदा सदनही तेथेच नेण्यात आले. १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तो आमच्या वऱ्हाडातही घरोघर पोचला होता. त्या वर्षी गुजरातेतून व इतर प्रांतांतून आणलेल्या मुली धरून मुक्तीतील संख्या १९०० च्या आसपास गेली. तेथे मुली विणीत, शेती करीत, छापखाना चालवीत. आंधळ्यांना बोटांनी वाचावयास शिकविले जाई. शिस्त कडक होती. बाईंच्या शब्दापुढे दुसरा शब्द चालत नसे, असे म्हणणारेही होते. प्लेग मात्र देशातून लवकर गेला नाही. पुढील काही वर्षांत तो वऱ्हाडात शिरला, आणि वीसबावीस वर्षांत हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे त्याने नेली.

रमाबाईंची अखेरची वर्षे एका मोठ्या कामात गेली. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि भाषांतर करू लागल्या. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्या सरकारने बावीस वर्षांपूर्वी त्यांचा शब्द खोटा म्हटला होता, त्याच सरकारने. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. बंगाल्यातून पदरात घेऊन आलेली ती एकुलती मुलगी आईचा उजवा हात झाली होती. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूमध्ये निजल्या. पवित्र शास्त्राची पाने मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच बायकांनी छापली आणि सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.